वळतो किती, यापेक्षा वळतो कुठे

टेन-पिन बोलिंग पाहायला बसलेला नवखा प्रेक्षक बॉल जितका जास्त वळेल तितका खूश होतो. गटरच्या कडेपर्यंत गेलेला बॉल अचानक आत झेपावला, पिना उधळल्या, की त्याच्या लेखी बॉल उत्तम. विकणाऱ्यांनाही ही आवड ठाऊक असते. त्यांच्या तक्त्यांत ‘हुक’चा, म्हणजे वळणाचा, रकाना ठळक असतो. मला मात्र बॉलबद्दल सांगण्यासारखी सगळ्यांत बेचव गोष्ट हीच वाटते. किती वळला ते कुणालाही दिसतं. कुठे वळायला लागला, वळताना घाई केली की सावकाशीनं वळला, आणि पिनांपाशी पोचला तेव्हा अंगात काय शिल्लक होतं, हे दिसायला नजर तयार व्हावी लागते. ती तयार करायला दोन बॉल फार उपयोगी पडतात. दोन्ही स्टॉर्म कंपनीचे, अमेरिकेच्या युटा राज्यातल्या ब्रिगम सिटीतले: एक ‘फेज टू’, दुसरा ‘हाय-रोड’.

कागदावर वाचलं तर दोघे चुलतभाऊ वाटतात. दोन्ही रिॲक्टिव्ह रेझिनचे, म्हणजे तेल पिणाऱ्या कवचाचे, दोन्हींचा गाभा सममित, दोन्हींची शिफारस मध्यमच्या आसपासच्या तेलासाठी. हाय-रोड दीड दशकाच्या आसपास विकला जातोय. या धंद्यात हे नवलच म्हणायचं, कारण इथे बहुतेक बॉल दोन-तीन वर्षांत यादीतून नाहीसे होतात. फेज टू 2017 साली आला आणि तोही टिकून राहिला.

बॉलबद्दल बोलायचं तर आधी लेनबद्दल बोलावं लागतं. फाउल लाइनपासून पहिल्या पिनेपर्यंत 60 फूट, रुंदी साडेएकेचाळीस इंच, आणि त्या रुंदीत 39 बोर्ड, म्हणजे लाकडी पट्ट्या. आजच्या बहुतेक लेन कृत्रिम पदार्थाच्या असतात, पट्ट्या नुसत्या छापलेल्या. तरी बोलर मोजतो बोर्डांतच. उजव्या हाताने टाकणारा उजव्या गटरपासून पहिला, दुसरा, तिसरा असं मोजत जातो. या लेनवर यंत्राने तेल पसरलेलं असतं. पूर्वी ते लाकूड झिजू नये म्हणून लावत. आता सगळा खेळ त्याच्याभोवती फिरतो. एका लेनला साधारण 20 ते 30 मिलिलिटर तेल लागतं, म्हणजे चहाचे चार ते सहा चमचे. 25 मिलिलिटर तेल 40 फुटांवर सारखं पसरलंय असं धरलं तर थराची जाडी भरते सुमारे 2 मायक्रॉन. माणसाचा केस याच्या तीसएक पट जाड असतो. 15 पौंडांचा, म्हणजे पावणेसात किलोंच्या वरचा बॉल ताशी 28-30 किलोमीटर वेगाने या थरावरून जातो, सव्वादोन-अडीच सेकंदांत पिनांना भिडतो, आणि तेवढ्या वेळात त्याचं जे काही बरं-वाईट व्हायचं ते हा थर ठरवतो.

हे तेल प्रेक्षकाला दिसत नाही, बोलरलाही जवळपास दिसत नाही. तो ते बॉलच्या वागण्यातून ओळखतो. बॉल यंत्रातून परत आला की त्याच्यावर तेलाची वलयं उमटलेली असतात, एकाशेजारी एक, एका जागी जवळ येऊन पुन्हा फाकणारी. चांगला बोलर ती पुसण्याआधी एकदा बघून घेतो.

तेल सगळीकडे सारखं नसतं. रोजच्या ग्राहकांसाठी जो ‘हाउस’ पॅटर्न टाकतात त्यात मध्यभागी भरपूर तेल आणि दोन्ही कडांना नावापुरतं. हे प्रमाण दहास एकच्या घरात जातं. लांबी सुमारे 40 फूट, पुढचे 20 फूट कोरडे. स्पर्धेच्या ‘स्पोर्ट’ पॅटर्नमध्ये हेच प्रमाण तिनास एक किंवा त्याहून कमी असतं. हाउस पॅटर्न चुका पोटात घालतो: बॉल जरा बाहेर गेला तर कोरड्यावर धरून आत येतो, जरा आत पडला तर तेलावर तग धरून राहतो. स्पोर्ट पॅटर्न असली दयामाया दाखवत नाही.

तेलावर बॉल घसरतो, घर्षण मिळालं की वळतो, आणि फिरण्याचा वेग पुढे जाण्याच्या वेगाशी जुळला की सरळ गडगडत जातो. घसरणं, वळणं, गडगडणं. बोलिंगमधला सगळा रस या तीन टप्प्यांच्या वाटणीत आहे. वळताना बॉल पुढचा वेग खर्च करून फिरण्याचा वेग कमावत असतो. ही देवघेव पिनांच्या जरासं आधी पुरी व्हायला हवी. दहा फूट आधीच आटोपली तर बॉल थकलेला पोचतो आणि पिनांना धडकून बाजूला ढकलला जातो. आटोपलीच नाही तर तो अजून घसरतच असतो आणि नेम चुकतो. उजव्या हाताच्या बोलरसाठी पॉकेट म्हणजे एक आणि तीन क्रमांकाच्या पिनांमधली जागा, साडेसतराव्या बोर्डाजवळ. तिथे बॉल सुमारे 6 अंशांच्या कोनात शिरला तर सर्वांत बरं. नीट बसलेल्या स्ट्राइकमध्ये, म्हणजे एकाच बॉलने दहाही पिना पडतात तेव्हा, बॉल स्वतः फक्त चार पिनांना शिवतो: एक, तीन, पाच, नऊ. बाकीच्या सहा पिना एकमेकींना पाडतात. पहिली दुसरीला, दुसरी चौथीला, चौथी सातवीला. तिसरी सहावीला, सहावी दहावीला. आणि पाचवी आठवीला. बॉल जरासा जरी थकलेला आला तरी ही साखळी शेवटच्या कडीपाशी तुटते.

आता दोघांच्या अंगात काय आहे ते पाहू. बॉलचं बाहेरचं कवच आणि आतला गाभा, या दोन गोष्टी. यूएसबीसी ही अमेरिकेतली नियामक संस्था. तिने बॉलच्या गतीचा जो सविस्तर अभ्यास केला त्यात पृष्ठभागाचा खरखरीतपणा आणि तेल शोषण्याची क्षमता यांचा प्रभाव सर्वांत मोठा निघाला, गाभ्याचा त्यानंतर. दुकानात मात्र माणसं गाभ्याच्या चित्राकडे आधी बघतात. चित्र सुंदर असतं, हेही खरंच.

फेज टूचं कवच ‘सॉलिड’, फॅक्टरीतून 3000च्या पॅडने (आकडा जितका कमी, पॅड तितका खरखरीत) घासून आलेलं, मंद, चकाकी नसलेलं. हाय-रोडचं कवच ‘हायब्रिड’, म्हणजे सॉलिड आणि अभ्रकासारखी चमक असलेलं पर्ल यांचं मिश्रण, वर पॉलिश. थर जेमतेम दोन मायक्रॉनचा असताना घासलेल्या पृष्ठभागाची बारीक टोकं तेल भेदून लेनला शिवतात आणि पॉलिश केलेला पृष्ठभाग तेलावर तरंगतो. गाभ्याचं म्हणाल तर 15 पौंडांच्या फेज टूची घूर्णन त्रिज्या, जिला बोलर ‘आरजी’ म्हणतात, ती 2.48 इंच आणि हाय-रोडची 2.57. नियमाने ही 2.46 ते 2.80च्या दरम्यान असावी लागते. फेज टू जवळजवळ खालच्या टोकाला आहे: वजन केंद्राशी गोळा झालेलं, त्यामुळे फिरायला लवकर तयार. हाय-रोड त्या मानाने आळशी. वलयं किती फाकतील हे सांगणारा आकडा, डिफरेन्शियल, फेज टूचा 0.051 आणि हाय-रोडचा 0.046, कमाल मर्यादा 0.060. वलयं फाकली म्हणजे दर फेरीला लेनला बॉलचा कोरडा, तेल न लागलेला भाग भेटतो.

एवढ्यावरून कुणीही भविष्य सांगेल की फेज टू आधी वळणार, हाय-रोड उशिरा. भविष्य बरोबरच आहे. पण कुठल्या लेनवर हे वरदान ठरतं आणि कुठल्या लेनवर शाप, ते आकड्यांत लिहिलेलं नसतं.

सकाळी नुकतंच तेल टाकलेली हाउस लेन घ्या. फेज टू पहिले पंचवीस-तीस फूट शांतपणे जातो आणि तेल संपायच्या आधीच, मधल्या पट्ट्यात, धरायला लागतो. तेव्हा काही घडलंय असं वाटतच नाही. रेषा थोडी वाकली एवढंच. कोरड्या भागात पोचेपर्यंत त्याने कमाई अर्धीअधिक करून ठेवलेली असते, म्हणून कोरडं लागल्यावर तो दचकत नाही, आधीचीच कमान पुढे चालवतो. हाय-रोड त्याच मार्गावर टाकला की तीस-पस्तीस फूट सरळ रेषा, बॉल पुढे निघून चाललाय की काय असं वाटायला लावणारी. मग कोरड्याची चाहूल लागताच मोड. फेज टूचं वळण मींडेचं, एका सुरावरून दुसऱ्यावर कधी गेलं ते कळू न देणारं. हाय-रोडचं हरकतीचं, सम तोंडावर आली असताना घेतलेल्या. टाळी अर्थातच हरकतीला पडते.

पण ताज्या हाउस लेनवर मी फेज टूच्या बाजूचा आहे, आणि कारण चुकांमध्ये आहे. निर्दोष टाकलेल्या बॉलवरून कुठल्याच बॉलची परीक्षा होत नाही. बोलरचा हात दोन बोर्ड इकडे-तिकडे जाणारच. फेज टू दोन बोर्ड आत पडला तरी मधल्या पट्ट्यातल्या पकडीमुळे पॉकेटात जरा हलका का होईना, पोचतो. दोन बोर्ड बाहेर गेला तरी उसळत नाही, जरा जाड लागतो. ओलं आणि कोरडं यांमधली दरी तो बुजवतो. हाय-रोड तीच दरी रुंद करतो. आत पडला की तेलावर घसरतच राहतो, पहिली पिन हुकते आणि समोर एक-दोन-दहा असली ओंगळ शिल्लक उभी राहते, जिला बोलर ‘वॉशआउट’ म्हणतात. बाहेर गेला की कोरड्यावरून उसळून थेट पहिल्या पिनेच्या नाकावर, आणि मग स्प्लिट, म्हणजे एकमेकींपासून दूर उभ्या राहिलेल्या पिना. दोन फेकींत एकदा बॉल जेमतेम वळतो आणि दुसऱ्यांदा डोळे पांढरे करायला लावतो. तिथे बोलर स्वतःच्या हाताला दोष देत बसतो, खरं तर बॉल चुकीच्या वेळी बाहेर काढलेला असतो.

चुकीच्या वेळी म्हणतोय, कारण लेन तशीच राहत नाही. रिॲक्टिव्ह बॉल तेल पितो. दर बॉलबरोबर दहाव्या बोर्डाच्या आसपासची, सगळ्यांच्या येण्या-जाण्याची वाट थोडी थोडी सुकत जाते. तीन-चार जण लेनच्या एका जोडीवर खेळत असतील तर दुसऱ्या गेमच्या अखेरीस बदल जाणवायला लागतो. मैदानी खेळात परिस्थिती पाऊस बदलतो, ऊन बदलतं; इथे ती खेळणारेच बदलतात. डावखुऱ्यांच्या बाजूला गर्दी कमी, म्हणून त्यांची लेन सावकाश बदलते. उजव्या हाताच्या बोलरांची यावरची कुरकुर या खेळाइतकीच जुनी आहे आणि ती कधी संपेल असं मला वाटत नाही.

वाट सुकली की फेज टूचा गुणच त्याचा दोष होतो. जो बॉल तीस फुटांवर धरत होता तो आता वीस-पंचवीसवर धरतो, पन्नास फुटांपर्यंत सगळी पुंजी संपवतो आणि शेवटचे दहा फूट नुसता गडगडत जातो. नेम चुकलेला नसतो. बॉल पॉकेटातच लागतो. पण दहावी पिन उभी राहते. इथे दहाव्या पिनेकडे नीट बघावं. सहावी पिन दहावीच्या गळ्याभोवतून वळसा घालून वेगात गेली असेल तर बॉलमध्ये जोर होता, कोन इंचभराने हुकला. सहावी पिन लुळी पडून दहावीच्या शेजारी गटरमध्ये आडवी झाली असेल तर बॉल थकलेला होता. पहिलीला बोलर ‘रिंगिंग टेन’ म्हणतात, दुसरीला ‘फ्लॅट टेन’. गुणफलकावर दोन्हींची नोंद नऊ. त्या नवांमागची हकिगत वेगवेगळी आणि पुढचा उपायही वेगळा. फेज टूने लागोपाठ दोन फ्लॅट टेन दिल्या की त्याला बॅगेत ठेवायची वेळ झाली असं समजावं. पाय दोन बोर्ड डावीकडे, नेम एक बोर्ड डावीकडे हा रूढ उपाय एक-दोनदा चालतो. मग डावीकडे सरकत सरकत बॉलला मधल्या तेलावरून बाहेर पाठवून परत आणावं लागतं, आणि एवढ्या लांबच्या फेरीला फेज टूचा दम पुरत नाही.

हाय-रोडची खरी मैफल इथून पुढे. लेनच्या मध्यभागी अजून तेल आहे. त्याच्यावरून तो खर्च न करता जातो. बाहेरची वाट कोरडी झालीय. तिथे पोचल्यावर त्याला हवं ते घर्षण हवं तिथेच मिळतं. सकाळी जी दरी त्याला गोत्यात आणत होती तीच आता त्याच्या उपयोगी पडते. आणि अवतीभोवती तेल कमी झाल्याने तो सकाळसारखा बेभरवशी वागत नाही. विसाव्या-पंचविसाव्या बोर्डावरून सोडलेला, आठव्या-नवव्या बोर्डापर्यंत जाऊन पंचेचाळीस फुटांच्या पुढे वळणारा हाय-रोड पॉकेटात शिरतो तेव्हा पिना पडण्याची पद्धतच बदलते. फेज टूने पाडलेल्या पिना मागे ढकलल्या जातात. हाय-रोडने पाडलेल्या आडव्या होऊन एकमेकींच्या पायात येतात. दोनशेच्या वर गुणसंख्या नेणाऱ्या त्या एक-दोन भाग्याच्या पिना बहुतेकदा या गोंधळातून मिळतात. कधी तो जास्तच तीव्र कोनात शिरतो आणि चौथी किंवा नववी पिन ठेवतो. तेवढी किंमत मोजावी.

हा बदल नेमका कधी करायचा, यात बोलरची जाण दिसते. बहुतेक जण उशीर करतात. मघाशी पाच स्ट्राइक देणारा बॉल हातातून सुटत नाही.

‘मग फेज टूलाच पॉलिश करा, हाय-रोडला पॅड मारा, दोन बॉल कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे. पृष्ठभागाचा प्रभाव सर्वांत मोठा असेल तर पृष्ठभाग बदलल्यावर स्वभाव बदलायला हवा. बदलतोही, काही अंशी. 2000च्या पॅडने घासलेला हाय-रोड ताज्या लेनवर बराच सभ्य वागतो, पण मग दुपारी त्याच्याकडून ती उशिराची उसळी मागू नये. ती घासण्यात गेलेली असते. पॉलिश केलेला फेज टू लांबवर जातो खरा, पण त्याची कमी आरजी त्याला स्वस्थ बसू देत नाही, वळण गोलच राहतं. स्पर्धा सुरू झाल्यावर पृष्ठभाग घासायला परवानगी नसते, त्यामुळे निर्णय आधीच घ्यावा लागतो. शिवाय वापरता वापरता लेन स्वतःच बॉलला गुळगुळीत करत असते. महिनाभर पॅड न लावलेला फेज टू नावाला 3000चा. ‘हा पूर्वीसारखा धरत नाही’ म्हणून तो बदनाम होतो आणि धन्याने एकदा दहा मिनिटं देऊन पॅड फिरवला की पुन्हा पहिल्यासारखा वागायला लागतो.

बॉलच्या कवचाशी खेळ करण्याचा इतिहास मजेदार आहे. 1973 साली डॉन मकून या अमेरिकी व्यावसायिकाने आपले प्लास्टिकचे बॉल एका तीव्र रासायनिक द्रवात भिजवून मऊ केले, ते लेनला चिकटून वळायला लागले, आणि त्या एका वर्षात त्याने सहा स्पर्धा जिंकून वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान पटकावला. तेव्हा ते नियमबाह्य नव्हतं. मग कठीणपणा मोजण्याचा नियम आला. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला एएमएफचा ‘अँगल’ हा युरेथेनचा बॉल आला, 1990च्या दशकाच्या सुरुवातीला रिॲक्टिव्ह रेझिन आलं आणि युरेथेन अडगळीत गेलं. पण मऊपणाचा वाद मिटला नाही: 2022 मध्ये यूएसबीसीने स्टॉर्मच्याच ‘स्पेक्टर’ या बॉलची मान्यता काढून घेतली, चाचण्यांत नमुने ठरलेल्या कठीणपणाखाली आल्याचं कारण देऊन.

युरेथेन मधल्या काळात परतलंय, आणि ते का हे पीबीएचा ‘चीता’ पॅटर्न पाहिला की कळतं. पीबीए ही अमेरिकेतली व्यावसायिकांची संघटना. तिच्या काही पॅटर्नना प्राण्यांची नावं आहेत. चीता साधारण 35 फुटांचा, म्हणजे पुढे 25 फूट कोरडं रान. बोलरांचा एक ठोकताळा आहे: पॅटर्नच्या लांबीतून 31 वजा करा, तेल संपतं तिथे बॉल साधारण त्या बोर्डावर असायला हवा. 40 फुटांना नववा बोर्ड, 35 फुटांना चौथा. चौथा बोर्ड म्हणजे गटर हातभरही दूर नाही. इथे हाय-रोड मी बाहेरच काढणार नाही. 25 फूट कोरडं पाहून तो जे करतो त्याला नियंत्रण म्हणता येत नाही. फेज टू निदान मार्ग सांगून वळतो, पण तोही लवकर थकतो. युरेथेन तेल पीत नाही, कोरड्यावर उसळत नाही, गटरच्या काठाकाठाने जाऊन गुमान आत येतं. मात्र ते न प्यायलेलं तेल पुढे ढकलत नेतं आणि कोरड्या भागात पसरवतं, म्हणजे पुढच्या बोलरची लेन बदलून ठेवतं. स्वीडनचा डावखुरा येस्पर स्वेनसन दोन्ही हातांनी युरेथेन टाकताना पाहावा. एकाच रेषेवर पुन्हा पुन्हा जाणारा तो बॉल कंटाळवाणा वाटतो, आणि मग गुणफलकाकडे लक्ष जातं. चीतावर आपल्या दोन्ही बॉलांनी बाकावर बसावं हे मला मान्य आहे.

दुसऱ्या टोकाला ‘बॅजर’, 52 फुटांचा. ठोकताळा सांगतो एकविसावा बोर्ड, जो पॉकेटाच्याही आत आहे; म्हणजे ठोकताळा इथे मोडला. त्यातून घ्यायचा तो एवढाच अर्थ की बाहेर जाऊ नका, मधूनच सरळसर खेळा. कोरडं उरतं आठ फूट. पॉलिश केलेला हाय-रोड त्या आठ फुटांत जागा होईपर्यंत पिना आलेल्या असतात. फेज टूला 1000चा पॅड मारून आणला तर तो तेलातच पाय रोवतो आणि थोडंसं का होईना वळण पिनांपर्यंत नेतो. खरं तर बॅजरला त्याच्याहून ताकदवान, असममित गाभ्याचा बॉल हवा. पण दोघांतच निवडायचं तर प्रश्नच उरत नाही.

हे सगळं मध्यम हाताबद्दल झालं, मिनिटाला तीनशे-साडेतीनशे फेरे देणाऱ्या. ऑस्ट्रेलियाच्या जेसन बेलमाँटीसारखा दोन्ही हातांनी टाकणारा त्याहून बरेच जास्त फेरे देतो आणि त्याच्या हातात फेज टूसुद्धा उसळताना दिसेल. उलट हळू फेऱ्यांच्या, वेगाने टाकणाऱ्या माणसाचा हाय-रोड ताज्या तेलावर शेवटपर्यंत सरळच जाईल. म्हणून कुणाची तरी स्तुती ऐकून बॉल घेऊ नये. आधी त्या स्तुती करणाऱ्याचा हात पाहावा. भोकं कुठे पाडायची हाही मोठा विषय, पण त्याने स्वभाव थोडा इकडे-तिकडे होतो, उलटा होत नाही.

आपल्याकडच्या कुठल्याही मॉलमध्ये लेनवर जे रंगीत बॉल ठेवलेले असतात ते साध्या पॉलिएस्टरचे. त्यांना तेल असो नसो, फारसा फरक पडत नाही. ते सरळ जातात, आणि सोबत गप्पा, खाणं असताना तेच सोयीचं. पट्टीचे बोलरसुद्धा एकटी उरलेली दहावी पिन टिपायला असाच बॉल वापरतात. पण तेवढ्यावरून या खेळाला नुसत्या नेमबाजीत काढू नका. पीबीएचा एखादा सामना लावा, आणि पहिल्या गेममध्ये पिनांकडे पाहूच नका. नजर तीस ते पंचेचाळीस फुटांच्या पट्ट्यावर ठेवा, जिथे बॉल धरायला लागतो. कोण कधी बॉल बदलतो ते पाहा, आणि बदलण्याआधीची त्याची दहावी पिन कशी उभी राहिली होती ते आठवा.

आणि स्वतः खेळायला लागला असाल, एकच बॉल घ्यायची ऐपत असेल, तर फेज टू घ्या. तो लेनची खरी हकिगत सांगतो, त्यात चूक तुमची किती आणि तेलाची किती तेही कळतं. हाय-रोड दुसरा घ्या. पहिला घेतलात तर त्याच्या उड्यांवर भाळून बसाल आणि शिकायचं राहून जाईल.